पिंपळपानावरची जनाबाई

चामटोलीच्या मांडवात चारशे माणसं बसली होती आणि एकाच्याही तोंडून आवाज फुटत नव्हता. समोर पाटावर राखेनं भरलेली भली मोठी पितळी परात. परातीमागे भगवी शाल पांघरून पर्णनाथ महाराज. त्यांनी डोळे मिटले, दोन बोटं राखेत खुपसली, ओठ पुटपुटले आणि एक पान वर काढलं. शेजारच्या घंगाळात बुडवलं, झटकलं, उजेडाकडे धरलं. पिवळ्या सुकलेल्या पिंपळपानावर एका म्हाताऱ्याचा चेहरा होता. फेटा, मिशा, कपाळावरची आठीसुद्धा.

"आमचे आबाच हे," म्हणत पुढची बाई जागच्या जागी आडवी झाली. मांडवातून हुंदक्यांची लाट गेली.

"हिरवं पान आत गेलं, पिवळं बाहेर आलं. का?" महाराजांनी माइक जवळ ओढला. "कारण आत्मा उष्ण असतो. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश आणि सहावं तत्त्व पर्ण. सायन्सवाले विचारतात, प्रूफ काय? घ्या प्रूफ. पानात काय असतं? क्लोरोफिल. क्लोरो म्हणजे काळ, फिल म्हणजे फील. गेलेल्या काळाचा फील. हे त्यांच्याच पुस्तकात लिहिलंय, पण वाचतो कोण?"

खरंच, वाचतो कोण? पंचमहाभूतांत महाराजांनी आपल्या अधिकारात एकाची भर घातली आणि चारशेतल्या एकानंही विचारलं नाही की बाबा रे, हे सहावं कुठल्या तारखेपासून लागू झालं. विचारणार कोण? तिथं आलेल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलं होतं. भुकेल्या माणसाला ताटाची घडण दिसत नाही.

तिसऱ्या रांगेत अंबरनाथचा बबन रोकडे मान खाली घालून बसला होता. कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून त्यानं रुमाल कपाळापर्यंत बांधला होता. लाज वाटायला कारण होतं. छप्पन साली त्याच्या बापानं घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले होते आणि पुन्हा असल्या वाटेला जाणार नाही अशी शपथ घेतली होती. बबननं स्वतः ती प्रतिज्ञा दर वर्षी विहारात सगळ्यांबरोबर म्हटली होती, मोठ्या आवाजात म्हटली होती. आणि आज साठी ओलांडल्यावर तो बाबाच्या रांगेत बसला होता. दोन हजार आठ साल चालू होतं.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको जनाबाई गेली. त्याच वर्षी तो ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाला. म्हणजे घर आणि कारखाना एकदमच रिकामे झाले. मुलगी संध्या नागपूरला दिलेली, दर रविवारी फोन करायची आणि विचारायची, "जेवलात का?" तो म्हणायचा, "जेवलो." बाकीचे सहा दिवस त्याला हा प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. दीड खोलीत तो दोन कप चहा टाकायचा आणि एक ओतून द्यायचा. सवय मोडत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याला ती मोडायची नव्हती.

"पहिलीच बारी का दादा?" शेजारच्या बाईनं विचारलं होतं. ती बकुळा. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. तिचा एकुलता एक प्रमोद एकोणिसाव्या वर्षी काविळीनं गेला होता. तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पान काढून दाखवलं. हसऱ्या डोळ्यांचा पोरगा. "डरू नका. येतात. माझा आला ना."

"घरी त्याची तसबीर आहे ना?" बबननं विचारलं.

"नदीत सोडली. महाराज बोलले ना, पान घरात आलं की फोटो ठेवायचा नाही. आत्मा दोन जागी फाटतो." तिनं पान परत गुंडाळलं. "एकच फोटो होता. पण आता ह्याची काय गरज, तो स्वतःच आलाय."

बबनचा नंबर लागला. मांडवाच्या दाराशी असलेल्या पिंपळाचं पान नियमाप्रमाणे त्यानं स्वतःच्या हातानं तोडून आणलं होतं. महाराजांनी ते राखेत पुरलं, मंत्र पुटपुटला, बोटं घातली. पाण्यातून पान वर आलं. जना होती. तीच हनुवटी, तीच कानामागून सुटलेली बट. त्याला पुढचं काही दिसेना. कुणीतरी त्याला धरून खाली बसवलं.

"माउली तहानलेली होती," महाराज म्हणाले. "आता तुमच्याजवळ राहील. पुढच्या गुरुवारच्या आत जुनी तसबीर उल्हास नदीत सोडा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

पुढचे चार दिवस बबन सुखात होता. हसू नका. खोटं सुखसुद्धा अंगाला ऊबच देतं, म्हणून तर ते खपतं. तो पानाशी बोलला. भाजी महागल्याचं सांगितलं, गुडघा दुखतो ते सांगितलं. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तिकडे मात्र त्यानं चार दिवस बघितलं नाही. आणि दोन कप चहा टाकून दुसरा कप पानासमोर ठेवला.

मंगळवारी दुपारी विसर्जनासाठी त्यानं जनाबाईचा फोटो भिंतीवरून उतरवला. मोठा म्हणावा असा तो एकच फोटो होता. काच पुसता पुसता त्याला हसू आलं. फोटो काढला होता कॅम्प तीनमधल्या एका स्टुडिओत. त्या बहाद्दरानं निगेटिव्ह उलटी घालून छापला होता. डाव्या नाकपुडीतली चमकी उजवीकडे गेलेली, डाव्या खांद्यावरचा पदर उजव्यावर. बबन भांडायला निघाला होता, पण जनाबाईनंच अडवलं. म्हणाली, "राहू द्या, फोटोत तरी मी गुजरातीण झाले."

हसू ओठावर असतानाच त्याची नजर पानाकडे गेली. पानावरची चमकीही उजवीकडे होती.

इथं बबनच्या धंद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बबन ठसे कोरायचा. कारखान्यात तयार मालावर आकडे आणि अक्षरं उठवायला पोलादी ठसे लागतात. ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठं मालावर सुलटं उठतं. बत्तीस वर्षं त्यानं उलटी अक्षरं कोरली होती. आरशातला पेपर तो सरळ पेपरासारखा वाचायचा. डावं-उजवं ही त्याची रोजीरोटी होती. आणि तरी ह्या एका फोटोपुढं त्याची नजर हरली होती. तीन वर्षं रोज बघून बघून उलटी जनाच त्याला सुलटी वाटायला लागली होती.

त्यानं स्वतःची समजूत घातली. माणूस अशा वेळी स्वतःचा वकील होतो. ठसा मुळाच्या उलटाच असतो ना, तो म्हणाला. मग आत्म्याचा ठसा उलटा उठला तर बिघडलं काय? उलट हाच पुरावा. एवढ्यावर तो जेवला, झोपलासुद्धा. पण सकाळी दात घासताना मनात आलं, ठसा उलटा उठेल, कबूल. पण फोटो काढला त्या दिवशी स्टुडिओतल्या पंख्यानं सुटलेली बट? ती बट आत्म्यालाही चिकटली होती का? जन्मभर जिनं केस चापूनचोपून बांधले, ती वरून येताना नेमकी तीच बट सोडून येईल?

त्यानं पान आणि फोटो पिशवीत घातले आणि विहाराच्या मागच्या हॉलकडे निघाला.

तिथं अस्मिताचं वर्कशॉप होतं. अस्मिता साळवे म्हणजे कारखान्यातल्या त्याच्या जुन्या जोडीदाराची मुलगी, डिप्लोमा इंजिनिअर. बदलापूरहून रोज यायची. एका संस्थेकडून तिनं तीन जुने कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि एक लेझर कटर मिळवला होता. कुणीही यावं, शिकावं, हवं ते बनवावं. कॉम्प्युटरमधले प्रोग्रामसुद्धा फुकटचे, जगात कुणीही उतरवून घ्यावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे असे. नियम एकच होता. जे बनवाल ते कसं बनवलं, ते कागदावर लिहून भिंतीला लावायचं. भिंत कागदांनी भरली होती. कुणाचा दिव्याचा शेड, कुणाचं पाटी कापायचं माप, कुणा मोतीबाईनं शिवणयंत्राच्या तुटक्या खटक्याच्या जागी केलेला नवा खटका.

अस्मितानं त्याला दोनदा बोलावलं होतं, "काका, हातकाम शिकवायला या." तो गेला नव्हता. ह्याच यंत्रांनी आपलं कसब खाल्लं असा त्याचा राग होता.

"जय भीम काका. आज वाट चुकलात?"

बबननं टेबलावर पान ठेवलं. काय, कुठून, सगळं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. मग म्हणाला, "हे मशीननं होतं का ते सांग. आणि होत नसेल तर बरं होईल."

अस्मितानं पान उलटसुलट केलं, नाकाजवळ नेलं. तिला उत्तर लगेच कळलं होतं, पण समोरच्या माणसाचा चेहरा बघून ती थांबली. "काका, मी सांगत नाही. तुम्हीच बघा."

तिनं आधी फोटो स्कॅन केला, मग पान. एका चित्रावर दुसरं ठेवलं आणि वरचं पारदर्शक करत नेलं. बबन चष्मा सरसावून वाकला. डोळ्यावर डोळा बसला. हनुवटीवर हनुवटी, चमकीवर चमकी, बटेवर बट. ठसा बसवताना तो केसाइतकाही फरक पकडायचा. इथं पकडायला काही नव्हतं.

"घरी कुणी आलं होतं का फोटो बघायला?"

"सेवेकरी आला होता. पुष्कर म्हणून. माउलीला तिच्याच घरातून निमंत्रण द्यावं लागतं म्हणाला. फोटोपुढं उदबत्ती ओवाळली." बबन आठवून आठवून बोलत होता. "मधेच त्याचा मोबाइल वाजला. मोबाइल समोर धरून दोन मिनिटं नुसताच बघत बसला. मला वाटलं मेसेज वाचतोय."

"कॅमेऱ्याचा मोबाइल. तेवढ्यावर होतं."

तिनं एक सुकवलेलं पान यंत्रात ठेवलं. भिंतीवरच्या कागदांत पिंपळपानावर शुभेच्छा कोरायची रीत लागलेलीच होती. चेहऱ्याचे काळे ठिपके करून तिनं फाइल पाठवली आणि म्हणाली, "बटण तुम्ही दाबा." लेझरचा लाल ठिपका पानावरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकत राहिला. जळका वास आला. अकरा मिनिटांनी बबनच्या हातात दुसरी जनाबाई होती, पहिलीपेक्षा रेखीव.

जनाबाई दुसऱ्यांदा गेली होती आणि ह्या खेपेला खांदा द्यायलाही कुणी नव्हतं.

अस्मिताला काय करावं कळेना. ती म्हणाली, "काका, चमकी चुकलीय म्हणालात ना? थांबा." तिनं पडद्यावरच्या फोटोवर एक बटण दाबलं. फोटो आरशात फिरावा तसा फिरला.

चमकी डावीकडे आली. पदर डाव्या खांद्यावर आला. पडद्यावर त्याची बायको होती, जशी स्वयंपाकघरातून वळून बघायची तशी. स्टुडिओवाल्याच्या चुकीनं जिला तो तीन वर्षं विसरत चालला होता, ती. बबन खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. मांडवात रडला होता ते वेगळं होतं. तिथं चारशे माणसांचं रडं अंगावर आलं होतं. हे त्याचं स्वतःचं होतं.

बऱ्याच वेळानं त्यानं तोंड धुतलं. "अस्मिता, तिथं एक बाई आहे. तिनं पोराचा एकुलता एक फोटो नदीत सोडलाय. अजून किती जण सोडणार आहेत कोण जाणे. मी काल सोडणारच होतो."

"मग काय करायचं?"

"माझा बत्तीस वर्षांपूर्वीचा फोटो आहे. केस होते तेव्हाचा."

पुढच्या सोमवारी पुष्कर सेवेकरी बदलापूरला अस्मिताच्या घरी निमंत्रण द्यायला गेला. "मोठे काका, बारा वर्षांपूर्वी गेले," असं अस्मितानं नाव नोंदवताना सांगितलं होतं. फ्रेममध्ये जाड मिशांचा, हनुवटीवर व्रण असलेला, कानावर केस आलेला, रुंद कॉलरचा जवान बबन हसत होता. पुष्करनं उदबत्ती ओवाळली. मोबाइल वाजला.

गुरुवारी मांडव ठासून भरला होता आणि पहिला नंबर अस्मिताचा होता. अस्मितानं दारातल्या पिंपळाचं पान तोडलं. बबननं खिशातून आपला जुना ठसा काढून देठाजवळ दाबला. "ब" उठला. कारखान्यात प्रत्येक कारागिराची खूण असायची, ही त्याची. इवलीशी, शोधल्याशिवाय दिसू नये अशी.

पान राखेत गेलं. मंत्र झाला. पाण्यातून मिशावाला जवान वर आला.

"बेटी, हे तुझे काका," महाराजांचा आवाज भरून आला. "फार भटकत होते. मोठ्या कष्टानं खाली आणलं."

"नक्की वरूनच आणलंत ना महाराज?" अस्मितानं विचारलं.

"सातव्या आकाशातून."

तिसऱ्या रांगेतून बबन उठला. रुमाल सोडून खांद्यावर टाकला. "महाराज, एवढे कष्ट कशाला घेतलेत? मी इथंच बसलो होतो." त्यानं खिशातून मूळ फोटो काढून पानाशेजारी धरला, हनुवटीवरचा व्रण बोटानं दाखवला. "केस गेलेत, मी नाही गेलो."

मग ज्याच्या शेतात मांडव होता तो कोंडाजी पुढं आला. त्यानं पान बघितलं, बबनला बघितलं, पुन्हा पान बघितलं. "आरं, यो तं जिता हाय," तो म्हणाला. चारशेतले पन्नासेक हसले.

महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. डोळे वटारून म्हणाले, "मूढ माणसा, आत्मा आधी येतो, देह मागून जातो. आठ दिवसांत तुझा मृत्यू आहे."

"बरं. मग नवव्या दिवशी येतो," बबन म्हणाला आणि कुणी अडवायच्या आत त्यानं दोन्ही हात राखेच्या परातीत घातले. तीन पिवळी पानं निघाली, पुढच्या तीन भक्तांच्या माणसांचे चेहरे त्यांवर आधीच उमटलेले. आणि खालून एक हिरवंगार पान. त्यानं ते झटकून कोंडाजीच्या हातात दिलं. देठाजवळ "ब" होता. "हिरव्याचं पिवळं होत नाही, बाबांनो. हिरवं खाली राहतं, सकाळी ठेवलेलं पिवळं वर येतं. राख कशाला हवी तर अदलाबदल दिसू नये म्हणून. पाणी कशाला, तर राख धुवायला."

"आणि चेहरा?" मागून कुणीतरी ओरडलं. "चेहरा कोण काढतो?"

अस्मितानं लेझरचं यंत्र समजावून सांगितलं. किती लोकांना कळलं कोण जाणे. पण बकुळा उठून पुढं आली होती. तिनं प्लास्टिक सोडून आपलं पान नाकाशी धरलं. "हा वास," ती हळूच म्हणाली. "आमच्या गल्लीत जीन्सच्या मागची चामड्याची पट्टी जाळून नाव काढतात, तिथं असाच वास येतो. दिवसाला हजार पट्ट्या माझ्या हातातून जातात." मग तिनं पांढऱ्या सदऱ्यातल्या सेवेकऱ्याकडे निरखून बघितलं. "तू लेबलवाल्याकडे मशीनवर बसतोस. टिळा लावलायस म्हणून मी ओळखलं नाही."

पुष्करनं महाराजांकडे बघितलं. महाराजांची जागा रिकामी होती. मांडवाच्या मागून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सातव्या आकाशात जाणारा माणूस डिझेलवर गेला.

"माझ्या प्रमोदचा फोटो कुठाय?" बकुळानं विचारलं. "तू काढला असशील ना मोबाइलमध्ये?"

"मावशी, मेमरी कमी असते. काम झालं की डिलीट करतो," पुष्कर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं.

बकुळा वळली ती बबनवर. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं उठायला? माझं पोर माझ्याजवळ होतं. सकाळी त्याला सांगून कामावर जायचे मी. आता मी कुणाला सांगू?"

बबनलाही सकाळी सांगायला कुणी नव्हतं.

"म्हणजे तो आलाच नव्हता?" तिनं विचारलं.

"नव्हता, बकुळाताई. माझीही आली नव्हती."

ती पान घेऊन निघून गेली. मांडव दोन दिवसांत उठला. सगळ्यांचे डोळे उघडले असं मी म्हणणार नाही. काही भक्त म्हणाले, पोरीनं करणी केली. काहींनी महाराजांचा नवीन पत्ता शोधून काढला. विहारातल्या दोघांनी बबनला ऐकवलं की तू बाबाकडे गेलासच कसा. ते खरंच होतं, त्यानं ऐकून घेतलं. नववा दिवस आला, गेला. बबन जिवंत होता आणि एकटा होता. भिंतीवर सुलटी जनाबाई होती. दुसरा कप त्यानं बंद केला होता. खरं कळलं म्हणून एकटेपण कमी होतं, असं कुणी सांगत असेल तर तोही एक महाराजच समजा.

तीन आठवड्यांनी बकुळा वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. बबन तिथं होता, दोन मुलींना कानस धरायला शिकवत होता. तिनं प्लास्टिक उघडलं. पानाच्या कडा झडल्या होत्या आणि प्रमोदच्या कपाळाला चीर गेली होती.

"विरत चाललाय," ती म्हणाली. तिचा राग संपला नव्हता, पण दुसरीकडे जायला जागा नव्हती. "महाराज म्हणाले होते, जुनं झालं की नवीन आणून देईन. आता कोण आणणार?"

बबननं पान तळहातावर घेऊन उजेडाकडे धरलं. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. आपण ह्या पानाला इतके दिवस नुसतं खोटं म्हणत होतो. "ताई, ऐका. हे पान आत्म्यानं दिलं असतं, तर ते विरल्यावर आपण हात चोळत बसलो असतो. पण हे तुमच्या फोटोवरून काढलंय. म्हणजे तुमचा फोटो बुडालेला नाही, तो ह्याच्यात आहे. फोटोवरून पान निघतं, तर पानावरून फोटोही निघेल."

अस्मितानं पान स्कॅन केलं. चेहऱ्यावरून गेलेल्या शिरा बबननं एकेक करून पुसल्या. ठसे कोरणारा हात माउसवर आधी अडखळला, मग बसला. दोन दिवस लागले. चीर बुजली, कपाळ भरलं. डोळ्यांपाशी मात्र त्यानं बकुळाला शेजारी बसवलं आणि तिनं सांगितल्याशिवाय एक ठिपका हलवला नाही. तिसऱ्या दिवशी सागाच्या फळीवर प्रमोद उमटला. फाइलची एक प्रत सीडीवर करून बबननं तिच्या हातात दिली. "हे ठेवा. कुणाकडेही न्या, कुठंही काढून मिळेल. आमच्याकडेच यायला हवं असं नाही."

मग नियमाप्रमाणे त्यानं कागद घेतला. पान कसं स्कॅन केलं, शिरा कशा पुसल्या, लाकडावर लेझर किती ठेवला, सगळं सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीला लावलं. बकुळा फळी छातीशी धरून तो कागद वाचत उभी राहिली. तिला वाचायला वेळ लागला. ओळींवरून बोट फिरवत ती शेवटापर्यंत आली.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

"मग त्यानं लपवलं कशाला?"

लोकहो, हाच प्रश्न आहे. तो विचारायला डिप्लोमा लागत नाही, धागे कापणाऱ्या बाईलाही तो सुचतो. फक्त तो पहिल्या गुरुवारी विचारायला हवा, फोटो नदीत सोडायच्या आधी. जो कसं केलं ते दाखवतो त्याच्याकडे शिका. जो कसं केलं ते झाकतो आणि वर पुरावा बुडवायला सांगतो, त्याला नमस्कार करायच्या आधी त्याची परात उपसून बघा.